ट्रकला ओसरी

पालखी निमगाव केतकी सोडून अजून वाटेवरच असते, तेवढ्यात दिंड्यांचे ट्रक इंदापूरच्या तळावर येऊन जागा धरतात. ड्रायव्हर उतरतो, चाकाला दगड लावतो, तोंडावर पाणी मारतो आणि बाजूला होतो. त्याचं काम संपलं. दोघं जण मागे जाऊन फाळक्याच्या कड्या ठोकून सोडतात. फाळका दाणकन खाली येतो आणि साखळ्यांवर अडकून आडवा राहतो. हौद्यातून आधी पाइप निघतात, मग दोरांची वेटोळी, मग ताडपत्रीची घडी. ही घडी कायम वळकट्यांच्या वर ठेवलेली असते, कारण एकदा का ती खाली गेली की सकाळपर्यंत हाती लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांत ट्रकच्या पाठीशी बारा फूट रुंद आणि दहा फूट लांब सावली उभी राहते. पातेली उतरतात, कांदा चिरायला चौघी बसतात, कुणी फाळक्यावर पाय सोडून तळव्यांना तेल चोळतं. सकाळपर्यंत माल वाहणारी गाडी होती, आता तिच्या दारात चपला काढून ठेवल्यात.

तुकोबांच्या पालखीचा हा सोहळा त्यांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ साली सुरू केला. तेव्हा अर्थातच ट्रक नव्हते. पण तळावर पोचायचं, छप्पर उभं करायचं आणि पहाटे ते गुंडाळून पुढे निघायचं, हे काम तेव्हाही होतंच. देहूहून निघालेली पालखी पुणे, यवत, वरवंड, उंडवडी करत बारामतीला येते. तिथून काटेवाडीत धोतरांच्या पायघड्यांवरून आणि मेंढ्यांच्या रिंगणातून सणसर, बेलवाडीत गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. सराटीला नीरेत पादुकांचं स्नान झालं की पुणे जिल्हा सुटतो. ह्या सगळ्या वाटेवर दर मुक्कामाला ट्रकांच्या पाठीशी ओसऱ्या उघडतात आणि मिटतात. ट्रकमध्ये राहायची हौस असलेल्या माणसाने कुठे काय शिकावं असं कुणी विचारलं, तर मी त्याला आषाढात ह्या तळांवर पाठवीन.

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यावर अख्खी खोली बसवतात. तिला ट्रक कॅम्पर म्हणतात. आत बिछाना, शेगडी, हात धुवायचं भांडं, सगळं काही. दार मागच्या बाजूला, जमिनीपासून कमरेइतकं उंच. अडचण सुरू होते ती दारातच. पावसात दार उघडलं की पहिला सपकारा अंथरुणावर. चिखलाचे बूट आत काढायचे की बाहेर? बाहेर काढले तर उंबऱ्यावर एका पायावर उभं राहून काढायचे. गुंडाळी सोडली की उघडणारी तयार छपरं तिकडे विकत मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून पुष्कळ जण घरीच काहीतरी खटपट करतात. जर्मनीत चाकांवरच्या खोलीपुढे जोडायच्या तंबूला ‘फोरत्सेल्ट’, म्हणजे नुसतं ‘पुढचा तंबू’, म्हणतात. आपल्याकडे ह्या जागेसाठी शब्दांची काय कमी! ओसरी, पडवी, ओटा, सोपा, आणि छपराखालची वळचण वेगळीच. खोलीत पाय ठेवण्याआधीची जागा आपण इतकी वापरली आहे की तिच्या प्रत्येक हाताला नाव आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून छोट्या ट्रकवर प्लायवूडची खोली चढवून फिरायचे बेत आपल्याकडेही ऐकू येतात. ह्या बेतांत गादी, फ्रिज, सोलर पॅनेल असं सगळं असतं. ओसरी कुणाच्याच यादीत नसते.

माझ्याही नव्हती. मित्राच्या छोट्या ट्रकवर आम्ही खोली केली होती आणि एका आषाढात दिंडीच्या मागेमागे बारामतीपासून सराटीपर्यंत जायचं ठरवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दाराला छप्पर हवं म्हणून ताडपत्री घेतली, चार पाइप घेतले. तळावर पोचून चारही पाइप एकाच उंचीचे रोवले आणि ताडपत्री मांडवासारखी सपाट ताणली. फार छान दिसत होतं. दोर सैल पडू नयेत म्हणून जोर लावून दुहेरी गाठी मारल्या, वर पाण्याचा हात फिरवला. रात्री दोनच्या सुमाराला वारा सुटला आणि पाठोपाठ जेमतेम पाव तास सर आली. बाहेर येऊन बघतो तर ताडपत्रीला गाभण म्हशीसारखं पोट आलेलं. खालून हात लावला तर हलेना. एक पाइप कमरेत वाकला होता, उरलेले तीन वाकायच्या बेतात. गाठी सुटेनात. शेवटी शेजारच्या दिंडीतल्या बाईंनी विळी आणून दिली आणि आम्ही नवा कोरा दोर कापला. पाणी सगळं आमच्याच दारात आलं, हे सांगायला नकोच.

ते पाणी किती असेल, हा हिशोब मी नंतर मांडला. बारा बाय दहा फुटांची ताडपत्री म्हणजे साधारण अकरा चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पाव तासात दहा मिलिमीटर पडला असेल तर एकशे दहा लिटर, म्हणजे तितकेच किलो. दोन माणसं आमच्या छपरावर झोपली होती म्हणायची! सपाट छपरात हे पाणी एकदा जमायला लागलं की खळगा पडतो, आणि खळगा पडला की चहूकडचं पाणी त्यातच येतं. म्हणून उतार. उतार किती, ह्याचं उत्तर जुन्या घरांच्या छपरांकडे बघून कुणीही देईल, पण ताडपत्रीला किमान चार फुटांना एक फूट तरी हवाच. ट्रकच्या बाजूला साडेआठ फुटांवर बांधलं तर दहा फूट पुढे गेल्यावर बाहेरची कड सहा फुटांवर यावी. सहा फूट उंचीचा माणूस टोपी काढून आत येईल, एवढीच अडचण.

सकाळी शेजारच्या दिंडीतले एक आप्पा कंबरेवर हात ठेवून आमची पडझड बघत उभे राहिले. इंदापूर तालुक्यातलेच शेतकरी. म्हणाले, “माउली, पावसाला कशाला भ्यायचं? पाऊस हाय कुठं आपल्याकडं? वाऱ्याला भ्या.”

आप्पा बोलले त्यात ह्या मुलखाचा भूगोल आला. बारामती आणि इंदापूर हे सह्याद्रीच्या पाठीमागचे, पर्जन्यछायेतले तालुके. घाटमाथ्यावर जो पाऊस मीटरांत मोजतात तो इथे वर्षभराचा मिळून पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पाऊस घाटातच रिकामा होतो, वारा मात्र तसाच पुढे येतो. जून-जुलैत माळावर दिवसभर पश्चिमेचा वारा भणभणत असतो आणि त्याला अडवायला उसाचा फड सोडून दुसरं काही नसतं. कोकणात ओसरी बांधायची ती पावसाशी झुंजायला. इथे तीच ओसरी शिडासारखी फुगते.

वाऱ्याचा जोर मोजायचं सूत्र सोपं आहे. ताशी चाळीस किलोमीटरचा वारा समोरून लागला तर एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलोचा दाब येतो. अकरा चौरस मीटरची ताडपत्री त्याच्या पुढ्यात पूर्ण आली तर ऐंशी-पंच्याऐंशी किलो. खरा फटका पुढे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. वळवाच्या वावटळीत ताशी ऐंशीचा झोत आला की तीच ताडपत्री सव्वातीनशे-साडेतीनशे किलोंनी ओढली जाते. ती ओढ पाइप सोसत नाहीत, दोर सोसत नाही, आणि खोलीच्या प्लायवूडला मारलेले स्क्रू तर मुळीच सोसत नाहीत.

तेव्हा पहिलं काम बांधायचं नाही, गाडी लावायचं आहे. ट्रकचं तोंड मावळतीकडे करायचं. वारा केबिनवर आपटतो, दोन्ही अंगांनी फुटून जातो आणि मागच्या फाळक्याशी त्यातल्या त्यात शांत पट्टा राहतो. गाडीच्या आडोशालाही वाऱ्याचे भोवरे असतात आणि ते ताडपत्री खालून उचलतात, पण समोरच्या झोतापुढे ते काहीच नाही. आप्पांना मी हे विचारलं तेव्हा त्यांनी वेगळंच सांगितलं. पंढरपूर इथून आग्नेयेला. फाळका उगवतीकडे उघडला की झोपतानाही तोंड त्या अंगाला राहतं. वाऱ्याची सोय आणि विठ्ठलाची दिशा इतकी जुळलेली असल्यावर वाद कशाला घालायचा?

ओटा हवा असेल तर तो आयता मिळतो. फाळका आडवा धरला की दीड-दोन फूट रुंदीचा पक्का ओटा तयार. चपला इथे काढायच्या, बादली इथे ठेवायची, सकाळचा चहा इथे बसून प्यायचा. फक्त साखळ्या तपासून घ्याव्यात. फाळक्याच्या बाहेरच्या कडेवर तीन माणसं उभी राहिली की दोनशे दहा किलो झाले. साखळ्या पंचेचाळीस अंशांत असतील तर प्रत्येक साखळीवर जवळजवळ दीडशे किलोंची ओढ येते, कारण तिरकी साखळी नुसतं वजन उचलत नाही, फाळका आतल्या बाजूला खेचतही असते. मूळच्या बारीक साखळीचे हूक उघडे असतात. ते बदलून बंद कडी घालणं आणि फाळक्याच्या बाहेरच्या कडेखाली एक लाकडी घोडी सरकवणं, ह्या दोन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

पायऱ्यांचा हिशोब लोक हमखास चुकवतात. छोट्या ट्रकचा हौदा अडीच फुटांवर असेल तर दहा-दहा इंचांचे तीन टप्पे होतात, म्हणजे दोन पायऱ्या आणि तिसरं पाऊल ओट्यावर. मोठ्या ट्रकचा चार फुटांवर असला तर आठ इंची टप्प्याने पाच पायऱ्या लागतात, आणि एवढा जिना वाहून नेणं परवडत नाही. दिंड्या म्हणूनच हूक असलेली लोखंडी शिडी फाळक्याला अडकवतात. साठी उलटलेल्या आजी ती चढताना दोन्ही हातांनी धरायला काहीतरी शोधतात. तेव्हा शिडीच्या एका अंगाला तीन फूट उंच पाइपचा कठडा जोडून घ्यावा. ओल्या लोखंडावरून पाय सटकतो. पायऱ्यांना काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली की झालं.

आता छप्पर. ताडपत्रीची सुरुवात दाराच्या चौकटीपासून करायची नाही. ती खोलीच्या टपावरून, हातभर आतून यायला हवी, कौलासारखी वरची खालच्यावर. नाहीतर टपावरचं पाणी खोलीच्या भिंतीवरून ओघळत ताडपत्रीच्या मागून थेट उंबऱ्यावर येतं आणि बांधणाऱ्याला कळतच नाही की छपराखाली पाऊस कुठून पडतोय. टपाच्या कडेवर धार असते. तिथे ताडपत्री आठ दिवसांत फाटते. ह्याला बारामती-इंदापुरात फुकटचा इलाज आहे. ठिबकच्या टाकाऊ नळ्या कुठल्याही बांधावर पडलेल्या असतात. नळी उभी चिरायची आणि धारेवर बसवायची. शेततळ्याला अंथरलेल्या जाड प्लास्टिक कागदाचे उरलेले तुकडेही मागितले की मिळतात. ओसरीच्या जमिनीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फ्लेक्सही वापरतात, आणि बारामतीत फ्लेक्सला तोटा नाही. वाढदिवसाचा आठवडा उलटला की शुभेच्छुकांसकट ते कुणाच्या तरी गोठ्यावर चढलेले असतात. कनात म्हणून फ्लेक्स चालतो. पायाखाली मात्र तो ओला झाला की माणसाला आडवं करतो, आणि उन्हात वर्षभरात तडकतो.

ताडपत्रीच्या खालून, ट्रकपासून बाहेरच्या आडव्या पाइपापर्यंत तीन दोर ताणून घ्यायचे. हेच वासे. ह्यांच्यावर ताडपत्री टेकते आणि तिला पोट येत नाही. बाहेरच्या पाइपाला सव्वा इंची जीआयच्या दोन मेढी पुरतात. काठाच्या रिंगा आज ना उद्या उपटतात. उपटली की रडत बसायचं नाही. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ताडपत्रीच्या खालून धरायचा, वरून त्याच्या मानेभोवती दोर आवळायचा. अशी बांधणी रिंगेपेक्षा मजबूत असते, कारण ओढ एका भोकावर येत नाही, गोट्याभोवतीच्या सगळ्या कापडावर पसरते.

मेखांचं दुखणं काळ्या मातीचं आहे. उन्हाळ्यात ही माती दगडासारखी, भेगा पडलेली. घण घातला तरी मेख उडून येते. पाणी प्याली की तीच माती फुगते, मऊ होते आणि संध्याकाळी घट्ट बसलेली मेख पहाटे बोटाने निघते. दीड-दोन फुटांची मेख गाडीपासून उलटी कलती ठोकली तर बराच टिकाव धरते. मऊ जागी त्याहून बरा उपाय म्हणजे पोतं. दीड फूट खड्डा घ्यायचा, मातीने भरलेलं पोतं दोर बांधून त्यात आडवं पुरायचं आणि वरून तुडवायचं. डांबरावर किंवा काँक्रीटवर दोन्ही जमत नाही. तिथे पाण्याने भरलेले वीस लिटरचे चार कॅन दोरांना बांधले की ऐंशी किलो वजन झालं, म्हणजे ताशी चाळीसच्या वाऱ्याशी बरोबरी. सकाळी तेच पाणी अंघोळीला.

चिखलाचं काय करायचं ते ऊसतोडीवाल्यांकडून शिकावं. दिवाळीच्या आगेमागे बीड-नगरकडून टोळ्या येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कारखाना कुठलाही असो, त्याच्या आसपासच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. कोपीच्या तोंडाशी टायरगाडी आणि बैलं, आणि पायाखाली पाचट. चार-सहा महिने माणसं अशा जागेत काढतात. त्यांच्या हालांची कहाणी मोठी आहे. इथे मावायची नाही. पण पाचटाचा वीतभर जाड थर काळ्या मातीचा चिखल चपलेला लागू देत नाही, ही युक्ती त्यांची. चुलीबाबतही त्यांचा शिरस्ता बघण्यासारखा आहे. वाळल्या पाचटाचं घर असलेला माणूस चूल दारापासून लांब आणि वाऱ्याच्या उतरत्या अंगाला मांडतो. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली चूल किंवा गॅसचा मोठा बर्नर पेटवणाऱ्याने हे डोळ्यांपुढे ठेवावं. ती ताडपत्री पेटते आणि पेटता पेटता वितळून अंगावर गळते. पाइप उभे करण्याआधी मान वर करून विजेच्या तारा बघाव्यात, हेही जीव सांभाळण्यातच आलं. शेताच्या कडेने अकरा हजार व्होल्टची लाइन जाते आणि बारा फुटी लोखंडी पाइप तिच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही.

हे सगळं सुटं का ठेवायचं? गाडीला कायमचं वेल्डिंग करून टाकलं तर रोजची खटपट वाचेल, असं वाटतं खरं. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावर जशी गाडी आहे तिच्यात मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि नियमांप्रमाणे गाडीची एकूण रुंदी २.६ मीटरच्या पुढे जाता कामा नये. बाजूला पत्र्याची कायमची झडप लावलेली गाडी ह्या दोन्हींत अडकते. शिवाय पाटस-बारामती-इंदापूर हा पालखी मार्ग आता बऱ्याच भागात चौपदरी झाला आहे, कडेला चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. वेगाने जाणाऱ्या गाडीच्या बाजूला आलेला पत्रा त्या वाटेवरच्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असतो. चालत्या मालट्रकच्या हौद्यात माणसं बसवणंही कायद्याला मान्य नाही. ओसरी काय किंवा खोली काय, गाडी थांबल्यावरची.

सराटीच्या मुक्कामी आप्पांनी आमची ओसरी स्वतःच्या हाताने बांधली. वाकलेला पाइप दगडावर ठोकून सरळ केला, उतार दिला, वाशांचे दोर घातले. मी बघत होतो ते त्यांच्या गाठींकडे. ट्रकच्या बाजूला त्यांनी निरगाठी मारल्या, माझ्यासारख्याच. बाहेरच्या दोन मेढींना मात्र बारीक सुतळीच्या पदराने सुरगाठ दिली आणि शेपटं लांब लोंबती सोडली. “ही आधी तुटंल,” सुतळीवर बोट ठेवून म्हणाले, “दहा रुपयांची. न्हाई तुटली तर हे शेपूट वढायचं.”

मध्यरात्रीनंतर नीरेच्या पात्रावरून झोत आला. दोनदा ताडपत्री फडाडली आणि तिसऱ्यांदा डाव्या अंगाची सुतळी तुटली. ताडपत्रीचं एक टोक वर उडालं, फाटक्या निशाणासारखं तीन-चार वेळा आपटलं आणि ट्रकच्या टपावर जाऊन पडलं. मी उठून दुसऱ्या मेढीचं शेपूट ओढलं. गाठ हातात आली. पावसाचे चार थेंब फाळक्यावर पडले तेवढेच. पहाटे काकड्याच्या आरतीचा आवाज आला तेव्हा आप्पा सुतळीचा नवा गुंडा घेऊन आले, आमचं उघडं दार बघून हसले, आणि बांधायचं काही उरलेलंच नव्हतं म्हणून गुंडा तसाच फाळक्यावर ठेवून आपल्या दिंडीकडे चालू लागले.